पहिलं पान

"रविवारचं पहिलं पान गेलं, सर. खरंच," ऋजुता म्हणाली.

टिपणीस गालातल्या गालात हसले. महिन्यापूर्वीपर्यंत तेही जाहिरात एजन्सीच्या तिच्याच मीडिया विभागात वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींच्या जागा बुक करायचे. क्लायंट सांभाळणारे अकाउंटवाले घाई करत आले, की जागा असली तरी 'गेली' म्हणायचं, चार विनवण्यांनंतर काढून द्यायची, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. आता अकाउंट मॅनेजर झाल्यावर ते स्वतः फसतील थोडेच?

तिच्यादेखतच त्यांनी पहिल्यावहिल्या क्लायंटला फोन लावला. "पान पक्कं समजा, साहेब."

ऋजुताने मॉनिटर त्यांच्याकडे वळवला. रविवारच्या पहिल्या पानासमोर दुसऱ्याच कंपनीचं नाव होतं.

त्यांनी पुन्हा फोन लावला. "साहेब, पान खरंच गेलंय हो."

"तुमच्या आधीचा मॅनेजरही असंच म्हणायचा," क्लायंट आरामात म्हणाला. "मग मीडियाच्या पाया पडायचा आणि जागा निघायची. तुम्हीही पडा."