उठा, जागा करा!

सकाळी दोन गुलाबी थेंब दिसले आणि मी पोळपाटापुढे बसून रडले. डॉक्टरीणबाईंनी गर्भ पोटात सोडल्याला अकरावा दिवस होता, आणि हा आमचा तिसरा प्रयत्न. रक्त तपासायला देऊन आले, तरी निकाल मला ठाऊकच होता. सासूबाईंनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं.

दीड वाजता, आमची खानावळ भरलेली असताना, डॉक्टरीणबाईंचा फोन आला. सासूबाईंनी तो आमटीच्या हातानेच स्पीकरवर टाकला.

“रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे! आणि त्या थेंबांना घाबरू नका. गर्भ रुजताना शरीरातल्या पहारेकरी पेशी तसा निरोप धाडतात, मग गर्भाशयाच्या अस्तरातल्या काही पेशी मरून त्याला जागा करून देतात. तेव्हा कधीकधी थोडं लाल दिसतं.”

“म्हणजे पहिली पंगत उठल्यावर दुसरी बसते, तसंच ना?” सासूबाई ओरडल्या.

“अगदी तसंच!”

गिऱ्हाइकाला कधी ऊठ म्हणायचं नाही, हा सासूबाईंचा तीस वर्षांचा नेम. म्हणून तर खिडकीजवळचे टेंभुर्णेकाका जेवण झाल्यावरही तासभर पेपर वाचत बसत. आज सासूबाई पळी घेऊनच त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या.

“उठा हो, माझ्या सुनेला जागा करा!”

काका ताकाच्या पेल्यासकट उठले. त्यांचं बघून शेजारचे उठले, आणि बघता बघता तोंडातल्या घासासकट अख्खी खानावळ हसत उभी राहिली.

मी एकटीच बसले. एकटी कसली म्हणा, आम्ही दोघं बसलो.