तेराशे फूट

“धादांत खोटं बोलतोय तो!” पाण्यासाठी वाफ्याचं दार फोडता फोडता कानिफनाथ करवादला. हातात फावडं, खिशात अहवाल आणि डोक्यात वैमानिक सहादेव.

वैमानिकासमोरच्या काचेच्या पडद्यावर उंचीचा आकडा दाखवणारं यंत्र कानिफनाथच्या प्रयोगशाळेत बनलं होतं. यंत्राने कोणतं काम कधी करायचं, हे ठरवणारा मुख्य प्रोग्रॅम त्याचा स्वतःचा. पहिल्याच चाचणीत विमान जमिनीवर आपटलं. सहादेवचा पाय मोडला. ‘पडद्यावर शेवटपर्यंत तेराशे फूटच होते,’ असं तो दवाखान्यातून सांगत होता. नंतर यंत्र चालू करून पाहिलं, तर ठणठणीत! मग चूक कुणाची? अहवालात लिहिलंच होतं: सहादेवचा निष्काळजीपणा. उद्या पारनेरच्या पोस्टातून सही करून पाठवला की सहादेवचं उड्डाण कायमचं बंद. होऊ दे बंद! तीन वर्षांच्या कामाला काळं फासतो म्हणजे काय!

विहिरीवर त्याचे वडील, कारभारी, मोट हाकत गात होते. बेसूर गळा. कानिफनाथला त्याचाही राग येत होता.

गाणं थांबलं. त्याला कळलंसुद्धा नाही. पाटातून पाणी येत होतं, वाफा भरत होता.

तेवढ्यात त्याची आई भीमाबाई खुरपं फेकून धावत सुटली. “आरं पळ! तुझ्या बाचं गानं थांबलं, ऐकू येत न्हाई व्हय?”

“पाणी तर येतंय की!” तो खेकसला.

“ते मघाचं पानी हाय, मुडद्या!”

मोटेचा नाडा तुटून कारभारी बैलांच्या उतरत्या धावेवर पडले होते आणि बुजलेले बैल मागे सरत त्यांच्या अंगावर येत होते. भीमाबाईने वेसण धरून बैल पुढे ओढले. कानिफनाथने वडलांना बाजूला घेतलं. दम खाऊन झाल्यावर ते मुलावरच भडकले. “येवढा शिकला, पर गानं बंद पडल्यालं कळंना तुला? पाट रिता हुईस्तवर पानी येतंच. कान गान्याकडं ठिवायचा!”

आपण चालू आहोत हे सांगणारं गाणं कानिफनाथच्या यंत्राला नव्हतं. प्रोग्रॅम मध्येच अडकला तर काय, याचा त्याने विचारच केला नव्हता. पडदा विझणार नव्हता. शेवटचा आकडा तसाच चमकत राहणार होता. त्याला स्वतःचीच भयंकर चीड आली.

चिखलाच्या हातांनीच त्याने अहवाल काढला. सहादेवचं नाव खोडून तिथे स्वतःचं लिहिलं. खाली एक ओळ लिहिली: ‘वैमानिक खरं बोलतो आहे. ते तेराशे फूट मघाचे होते.’