हसण्याचं माप

सकाळी सात वाजता साहेबांनी तिला सांगितलं, सोमवारपासून तुमचं काउंटर बंद. तळघरात बसायचं, चादरी-टॉवेलांच्या खोलीत. हे त्यांनी हसत हसत सांगितलं.

हॉटेलच्या काउंटरवर तिची अकरा वर्षं गेली होती. हिवाळ्यात एकदा दात घासताना चूळ एका बाजूनं गळायला लागली. आरशात पाहिलं तर डावा गाल लोंबत होता, डावा डोळा मिटत नव्हता. औषधांनी डोळा मिटायला लागला, बोलणं स्वच्छ झालं. हसू मात्र उजवीकडेच राहिलं. धाकटी आता जेवायला मुद्दाम आईच्या उजव्या हाताला बसे. हसणारी बाजू माझी, म्हणे. थोरलीनं त्यावरून भांडणही काढलं होतं.

काउंटरमागे, पाहुण्यांना दिसणार नाही असा, हातभर आरसा टांगलेला होता. ड्युटीवर येताना त्यात एकदा हसून बघायचं आणि मगच समोर यायचं, ही पद्धत तिचीच. आज काउंटरवर असलेल्या सगळ्यांना तिनंच त्या आरशासमोर उभं केलं होतं.

तिनं विचारलं, कोणाची तक्रार आली का. साहेब म्हणाले, तसं तोंडावर कोणी बोलत नाही, पण खटकतं. हसू तिरकं दिसतं, पाहुण्याला वाटायचं आपली टर उडवतेय. मनाला लावून घेऊ नका ताई, प्रोफेशनल दिसण्याचा प्रश्न आहे. नियमच आहे, स्वागत हसतमुखानं. आणि हो, जाण्याआधी नव्या मुलीला तेवढं हसायला शिकवा. तुमच्यासारखं कोणाला जमत नाही.

तिनं दाराकडे पाहिलं.

तिथं दरवान उभा होता. सगळे त्याला कर्नल म्हणत. त्याच्या मिशा एवढ्या झुपकेदार, की तो हसतो की नाही हे आजवर कोणाला कळलं नव्हतं. त्याला कोणी तळघरात पाठवलं नव्हतं.

"साहेब, अर्धं चालत नाही म्हणता. मग किती चालतं?"

"म्हणजे?"

"माप द्या. ओठ किती हलायला हवेत, दात किती दिसायला हवेत, लेखी द्या. मापात नाही बसले, तर माझ्या पायांनी खाली जाईन."

साहेबांना वाटलं, ताई गंमत करतेय. "हसणं असं मोजता येतं होय?"

"मग माझं कशानं मोजलंत?"

काउंटरवर सगळ्यात जास्त बडबड करणारी एक होती, तिला रेडिओ म्हणत. ती उठली. तिनं आरसा खिळ्यावरून काढला, पालथा करून भिंतीला टेकवला आणि जागेवर येऊन बसली.

"आमचंही मोजून घ्या," ती म्हणाली. "तोवर उगाच कमी-जास्त व्हायला नको."

तेवढ्यात पाहुणा आला. त्याचं नाव लिहिलं गेलं, किल्ली मिळाली, सामान वर गेलं. हसलं कोणी नाही. मग दुसरा आला, मग एक आख्खं कुटुंब. ताई तिच्या खुर्चीवरच होती.

दुपारपर्यंत हॉटेल भरलं. माप अजून आलेलं नाही. वरच्या ऑफिसात तक्रार मात्र एक गेली आहे. पाहुण्यांची नाही, साहेबांची.