मंत्र्यांचं उत्तर

“फक्त ट्रान्स्लेट कर हं,” न्यूयॉर्कजवळच्या एडिसन रेल्वे स्टेशनबाहेर कार थांबवत श्रीरंग बायकोला म्हणाला. “तुझ्या अण्णांची केस तिथे लढू नकोस.”

पद्मिनी पर्स घेऊन उतरली. तिचे वडील, अण्णा, साताऱ्यात साप्ताहिक चालवायचे. आणीबाणीत ते बंद पडलं आणि अण्णा एकोणीस महिने तुरुंगात होते. सुटून आले ते खंगूनच. दोन वर्षांत गेले.

पुण्यात शिकलेल्या जर्मनच्या जोरावर ती न्यूयॉर्कमध्ये दुभाष्याची कामं करायची. आज, १९८६च्या त्या सकाळी, पूर्व जर्मनीचे मंत्री हाल्बाख पत्रकारांना भेटणार होते. तरुणपणी ते स्वतः कम्युनिस्ट पत्रकार. हिटलरच्या राज्यात तळघरात पेपर छापला म्हणून चार वर्षं कोठडीत काढलेले.

“साहेबांना इंग्रजीचा गंध नाही,” दूतावासातल्या वेबरने तिला बजावलं. “ते बोलतील तेवढंच सांगायचं.”

हॉटेलच्या हॉलमध्ये तासभर सगळं सुरळीत चाललं. मग मागच्या रांगेतली एक वार्ताहर उठली.

“पेपर छापला म्हणून तुम्ही तुरुंगात गेलात. गेल्या महिन्यात तुमच्या सरकारने रूथ केलर या बाईंना त्याच कारणासाठी आत टाकलं. मग फरक काय?”

पद्मिनीने प्रश्न जर्मनमध्ये सांगितला, एक शब्दही न गाळता. हाल्बाख यांनी नजर टेबलाकडे वळवली. मग पाठ केल्यासारखं बोलले. ती पत्रकार नाही, राज्याची शत्रू आहे. कायदा सगळ्यांना सारखा.

अण्णांना न्यायला आलेला फौजदारही हेच म्हणाला होता.

पद्मिनीने माइक जवळ ओढला.

“काहीच फरक नाही,” ती इंग्रजीत म्हणाली. “तेव्हा त्यांनी मला डांबलं, आज आम्ही तिला डांबलंय. मला याची लाज वाटते.”

वार्ताहरांची पेनं भराभर चालू लागली. वेबर ताडकन उठला.

“खोटं! मंत्री असं बोललेच नाहीत! ही बाई मनचं सांगतेय!”

सगळ्यांच्या नजरा पद्मिनीवर खिळल्या. काम गेलं, हे तिला कळून चुकलं. पुन्हा कुणी बोलावणारही नव्हतं. तरी तिने मान खाली घातली नाही.

हाल्बाख यांनी हाताने वेबरला खाली बसायची खूण केली. माइक आपल्याकडे वळवला आणि स्वच्छ इंग्रजीत म्हणाले, “भाषांतर अगदी बरोबर आहे.”