सही जुळते

उमेदवारी अर्ज मागे घ्यायची मुदत तीनला संपत होती. अडीच वाजता निवडणूक कचेरीत साहेबांनी कारकूनबाईंच्या टेबलावर एक कागद ठेवला.

"सही पडताळून शेरा मारा."

कागद तिच्या धाकट्या भावाच्या नावाचा होता. नगराध्यक्षांच्या विरोधात तो एकटाच उभा होता. चार दिवसांपूर्वी पोलिसांनी त्याला चौकशीला म्हणून नेलं, ते अजून सोडलं नव्हतं. "मी स्वखुशीने माझा अर्ज मागे घेत आहे," असं कागदावर टाईप केलेलं होतं. खाली सही.

भावाला पहिलं अक्षर तिनेच हात धरून गिरवायला शिकवलं होतं.

"साहेब, ही त्याची सही नाही."

साहेबांनी खुर्ची जवळ ओढली. आवाज चढवला नाही. "बाई, अध्यक्षांना नको कोण म्हणतंय? रस्ते झाले, घरोघरी नळ आले. मतदान झालं असतं तरी तेच आले असते."

"मग होऊ द्यायचं होतं."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "संध्याकाळी तो घरी येईल. तसा शब्द घेतलाय मी. तेवढा शेरा मारा."

तिने पेन उचललं. 'सही जुळते' असं लिहिलं, तारीख टाकली, शिक्का मारला.

तीनला साहेबांनी पायऱ्यांवर उभं राहून जाहीर केलं: अध्यक्ष बिनविरोध. जमलेल्यांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग टाळ्या वाजवल्या.

दिवेलागणीला एक बंद गाडी दाराशी थांबली. भाऊ उतरला, गाडी निघून गेली. त्याच्या उजव्या हाताला बोटांपासून मनगटापर्यंत पट्टी होती. तिने त्याला आत घेतलं, दार लावलं, ताट वाढलं. डाव्या हाताने त्याला धड जेवता येईना, म्हणून ती शेजारी बसून भरवू लागली.

दोन घास खाल्ल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला.

"ताई, बोटं मोडली त्यांनी. पण सही नाही केली मी." तो हसला. "आता निवडणूक घ्यावीच लागेल त्यांना."

ती पुढचा घास कालवत राहिली, कितीतरी वेळ. भाऊ तोंड उघडून वाट बघत होता.