फणसाच्या मुळाचं गाऱ्हाणं

केरूने पायपातून जे ओढून बाहेर काढलं ते पाहून महिपतला आधी वाटलं, मेलेली घूस आहे. घूस नव्हती. मुळं होती. म्हातारीच्या अंबाड्यासारखी गुंतलेली, भाताची शितं आणि प्लास्टिकचा एक चमचा पोटात घेऊन बसलेली.

"ही नुसती शेपटी," केरू प्लंबर म्हणाला. "धड पलीकडं हाय." त्याने हद्दीवरच्या जांभ्या दगडाच्या गडग्याकडे बोट केलं.

गडग्यापलीकडे सावित्रीकाकूंचं परडं होतं, परड्यात फणस होता, आणि महिपतच्या मंगल कार्यालयाचं सगळं सांडपाणी त्या परड्याखालून रस्त्याच्या गटाराला जात होतं. काकूंचे यजमान होते तेव्हा तोंडी शब्दावर टाकलेली लाइन. इतकी वर्षं फणसाने त्या पाण्यावर बाळसं धरलं. आता तो थेट पायपातच उतरला होता. केरूची पायप मोकळा करायची स्प्रिंग गडग्याखाली जाऊन अडत होती, कारण जोड तिथेच फुटला होता. पलीकडून खणायचं, मूळ तोडायचं, पायपाचा तुकडा बदलायचा, की झालं. पण खणायचं काकूंच्या परड्यात, आणि काकू नि महिपत गेल्या मे महिन्यापासून एकमेकांशी बोलत नव्हते.

मांडव घालताना आड येते म्हणून महिपतने फणसाची एक फांदी न विचारता उतरवली होती, तीही फणसांसकट. काकूंनी गडग्यावरून त्याचा असा उद्धार केला, की कार्यालयातल्या सनईवाल्याने ऐकायला म्हणून सनई थांबवली. तेव्हापासून अबोला. उद्या त्याच कार्यालयात महिपतच्या एकुलत्या लेकीचं, योगिनीचं लग्न होतं. पत्रिका वाडीत घरोघर गेल्या, फक्त काकूंचं दार वगळून. योगिनी भांडली, रडली. "ती बाई मांडवात आली तर मी नाय," महिपत म्हणाला आणि विषय मिटला.

आता दाभोळहून वऱ्हाड येणार, सगळी वाडी जेवणार, आणि हात धुतलेलं पाणी उलटं फिरून व्याह्यांच्या पायाशी येणार.

"महिपतशेट, काकीला विचारा," केरू म्हणाला.

"मी? मेलो तरी तिच्याशी बोलणार नाय."

"मग मी कुदळ मारणार नाय. झाड तिचं, जागा तिची. नि जाग्याच्या राखणदाराला नारळ दिल्याबिगर मुळाला हात लावायचा नाय, ते वेगळंच."

नारळ म्हटल्यावर महिपतचा चेहरा उजळला. वाडीत गाऱ्हाणं घालावं तर महिपतनेच. देवापुढे उभा राहिला की त्याचा आवाज खाडीपलीकडे जायचा. आणि माणूस देवाशी बोलत असताना शेजारणीच्या कानावर चार शब्द गेले, तर त्याला काही तिच्याशी बोलणं म्हणत नाहीत.

त्याने गडग्याच्या अगदी कडेला नारळ ठेवला, विडा ठेवला, डोक्यावर टॉवेल घेतला आणि हात जोडले. केरू, मांडववाले, आचारी मागे उभे राहिले. पलीकडे काकू उन्हात आमसुलं वाळत घालत होत्या. पाठ गडग्याकडे, कान अर्थातच इकडे.

"बा राखणदारा, ह्या जाग्याच्या धन्या म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!" मागचे ओरडले.

"उद्या ह्या लेकराच्या घरी शुभकार्य हाय म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"फणसाची मुळं पायपात शिरून पाणी तुंबलंय म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"तर ज्या माऊलीचा हा फणस, तिने मन मोठं करून परड्यात खणायला होकार दिलाय म्हाराजाऽ!"

मागचे गडबडले. देवापुढे धडधडीत खोटं कसं बोलायचं? सगळे गप्प. आणि गडग्यापलीकडून खणखणीत आवाज आला, "व्हय म्हाराजा!"

काकूंनी जीभ चावली. पण जन्माची सवय ती. 'म्हाराजा' कानावर पडलं की तोंड आपसूक उघडणारच. आचारी फिदीफिदी हसला.

"ऐकलंस ना, देवा?" महिपत चौफेर बघत म्हणाला. "केरू, घे कुदळ!"

"थांब रे केरू." काकू गडग्याशी आल्या. पदर डोक्यावर घेतला, हात जोडले. "माझं गाऱ्हाणं व्हायचंय."

बायका कधी गाऱ्हाणं घालतात का, असं आचारी पुटपुटला. काकूंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानेही मग हात जोडले.

"बा राखणदारा, मूळ तोडलं तरी माझा फणस उभा ऱ्हाऊ दे म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!"

"तुंबलेलं पाणी वाहतं कर म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!" ह्यात महिपतही सामील झाला. मागणं त्याच्या कामाचं होतं.

"दाभोळच्या पाव्हण्यांचे पाय कोरडे ऱ्हाऊ देत म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!" महिपतने आता डोळे मिटले होते.

"पोरीचा संसार सुखाचा कर म्हाराजाऽ!"

"व्हय म्हाराजा!" महिपतने डोक्यावरच्या टॉवेलने डोळे पुसले.

काकूंनी पदर सारखा केला. "माझे गरे खाऊन वाढलेली पोर ती. तिच्यावर अक्षता टाकायला तिच्या बापाने मला उद्याचं बोलावणं केलंय म्हाराजाऽ!"

मागचे सगळे पुन्हा गप्प झाले. एकच आवाज उठला, खाडीपलीकडे जाईल असा.

"व्हय म्हाराजा!" महिपत ओरडला.