वालाची चौदा पानं

चंद्रावरच्या त्या खोलीत वालाच्या वेलाला चौदा पानं होती. खालची सहा केतकी भाऊ निनादसोबत राहत होती तेव्हाची. वरची आठ ती सहा महिन्यांसाठी खाणीवर गेल्यानंतर फुटलेली.

जाताना तिने आपली जागा आईला द्यायला सांगितलं होतं. आई मात्र सार्वजनिक कक्षाच्या गर्दीत खोकून खोकून गेली.

"खरंच जागा नव्हती, दादा?"

"तू गेल्यावर कचेरीने इथे एकालाच परवानगी दिली गं. किती विनवण्या केल्या मी! एकट्याला खोली खायला उठायची."

केतकीने खालच्या आणि वरच्या एकेका पानाला नखांचं पारदर्शक पॉलिश लावलं.

"आता पानांनाही नटवणार का?" निनाद हसला.

"हवेचं यंत्र तेच आहे. खोलीत माणसं जास्त असली की कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि नव्या पानावर श्वासाची बारीक छिद्रं, रंध्रं, कमी येतात. तू एकटा होतास, म्हणजे वरच्या पानावर ती जास्त दिसतील."

"केतू, राहू दे ना ते."

तिने पानांचा ठसा उमटलेले पॉलिशचे वाळलेले पापुद्रे सोलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि तीनदा मोजलं.

दोघांच्या श्वासात वाढलेल्या खालच्या पानावर चौरस मिलिमीटरला एकशे ब्याऐंशी रंध्रं होती. वरच्या पानावर एकशे एक्क्याऐंशी.